थायलंडला जायचंय? आधी तिथला पाऊस बघा, मग पैसे भरा

वैभववाडी : शाळांच्या परीक्षा जवळ आल्या की मोबाईलवर जाहिराती सुरू होतात. निळंशार पाणी, पाण्यातून वर आलेले उभे डोंगर, लांब शेपटीची होडी आणि खाली मोठ्या अक्षरात ‘थायलंड, पाच रात्री सहा दिवस’. पूर्वी आपल्या तालुक्यात परदेश म्हणजे आखातात नोकरीला गेलेला भाऊ किंवा काका. आता कोकिसरे, नाधवडे, उंबर्डे, भुईबावडा इथल्या घरांतही ‘एकदा तरी बाहेर जाऊन येऊया’ असं बोलणं निघतं. मुंबईतला मुलगा पैसे घालतो, गावातले आईवडील तयार होतात आणि मग कोणीतरी म्हणतं, “मे म्हयन्यात जावया, पोरांक सुटी आसा.”

इथेच गडबड होते. पैसे भरले जातात मार्चमध्ये आणि फुकेतला पोचल्यावर पाच दिवसांतले तीन दिवस हॉटेलच्या खिडकीतून पाऊस बघावा लागतो. बेटांवर जाणारी बोट रद्द, समुद्रावर लाल झेंडे. यात एजंटने फसवलेलं असतंच असं नाही. तिथला हंगाम आपण विचारलेलाच नसतो. घरातली वर्षभराची शिल्लक एका सहलीत जाणार असेल, तर जायचं कुठे याच्याइतकंच कधी जायचं हे महत्त्वाचं आहे. म्हणून हा लेख.

मान्सून अंदमानात, म्हणजे फुकेतच्या दारात

मेच्या तिसऱ्या आठवड्याच्या आसपास आपण बातमी ऐकतो, ‘मान्सून अंदमानात दाखल’. आपण लगेच तरव्याची, बियाण्याची तयारी बघायला लागतो. त्याच अंदमान समुद्राच्या पूर्वेच्या काठावर थायलंडचे फुकेत, क्राबी आणि फी फी बेटं आहेत. जो नैऋत्य मोसमी वारा जूनच्या सुरुवातीला आपल्याकडे येतो, तोच त्याआधी तिथे धडकलेला असतो. साधारण मेपासून ऑक्टोबरपर्यंत त्या किनाऱ्यावर पावसाळा.

मालवणची उपमा घेतली की लगेच कळेल. मेच्या अखेरीला सिंधुदुर्ग किल्ल्याची होडी बंद होते, तारकर्ली-देवबागचे जलक्रीडेचे व्यवसाय थांबतात आणि सप्टेंबरशिवाय सुरू होत नाहीत. जुलैमध्ये कोणी पुण्याहून फोन करून “स्कूबा करायला येतोय” म्हणाला तर आपण हसू. फुकेतला जून-जुलैत स्नॉर्कलिंगचे बुकिंग करणारा आपला माणूस त्याच चुकीच्या वाटेवर असतो. तिथली सिमिलान बेटं मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पर्यटकांना बंदच असतात. जाहिरातीतल्या फोटोत हमखास दिसणारी फी फीजवळची माया बे ही खाडीसुद्धा ऑगस्ट आणि सप्टेंबर असे दोन महिने दरवर्षी बंद ठेवतात, निसर्गाला उसंत मिळावी म्हणून.

मग सगळ्या थायलंडमध्ये एकाच वेळी पाऊस असतो का? नाही. दक्षिण थायलंड ही एक अरुंद पट्टी आहे, मध्ये डोंगर. पश्चिमेला अंदमान समुद्र, पूर्वेला थायलंडचं आखात. आपल्याकडे करूळ घाट चढून गगनबावड्याला जाईपर्यंत धो धो पाऊस असतो आणि कोल्हापूरच्या पुढे पूर्वेला जावं तसा तो कमी होत जातो. तिथेही तसंच. पूर्वेकडच्या आखातातलं कोह सामुई बेट जून ते ऑगस्टमध्ये फुकेतपेक्षा बरंच कोरडं असतं. सामुईला खरा पाऊस पडतो ऑक्टोबर ते डिसेंबर, ईशान्येकडून परतणाऱ्या वाऱ्याचा. चेन्नईला दिवाळीच्या सुमारास पूर येतो ना, त्याच वाऱ्याच्या जातीचा.

म्हणजे एकाच देशात दोन किनारे आणि दोघांचे पावसाळे वेगवेगळे. एजंटला नुसतं ‘थायलंड’ विचारू नका. ‘कुठला किनारा आणि कुठला महिना’ असं विचारा.

कुठल्या महिन्यात कुठे?

नोव्हेंबर अखेर ते मार्च : फुकेत, क्राबी, फी फी यांचा खरा हंगाम. समुद्र शांत, पाणी स्वच्छ. मात्र नाताळ ते नववर्ष या दिवसांत जगभरचे पर्यटक येतात, दर चढलेले असतात. जानेवारीचा दुसरा-तिसरा आठवडा त्यामानाने बरा.

फेब्रुवारी ते एप्रिल : उत्तरेकडचं चियांग माई टाळा. शेतं आणि जंगलं जाळल्याने तिथे धुराचा हंगाम असतो. दम्याचा त्रास असलेलं माणूस बरोबर असेल तर अजिबात नको.

एप्रिल : सगळीकडे कडक उकाडा. १३ ते १५ एप्रिल सोंगक्रान, म्हणजे थाई नववर्ष. रस्त्यात सगळे एकमेकांवर पाणी उडवतात. शिमग्याची आवड असलेल्यांना मजा येईल, पण सरकारी कामकाज बंद आणि गाड्यांना गर्दी.

मे-जून : सुट्टी याच दिवसांत मिळणार असेल तर फुकेतऐवजी सामुई बघा. नाहीतर इंडोनेशियातलं बाली बघा. बाली विषुववृत्ताच्या दक्षिणेला आहे, त्यामुळे आपला पावसाळा सुरू होतो तेव्हा तिथे कोरडा हंगाम सुरू असतो, साधारण एप्रिल-मे ते ऑक्टोबर.

सप्टेंबर-ऑक्टोबर : बँकॉकला सर्वात जास्त पाऊस याच दोन महिन्यांत. व्हिएतनामचा विचार करत असाल तर तिथल्या मधल्या किनाऱ्यावर, म्हणजे दा नांग आणि होई आनला, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पूर येतात. दिवाळीच्या सुट्टीत तिकडे जाताना हे ध्यानात ठेवा.

पावसाळ्यात जाऊच नये असं नाही. हॉटेलं स्वस्त असतात, गर्दी कमी असते. बँकॉकमधली देवळं, बाजार, पूर्वीची राजधानी अयुथया (हे नाव आपल्या अयोध्येवरूनच आलंय) ही ठिकाणं पावसातही बघता येतात. फक्त बेटांसाठी आणि समुद्रासाठी म्हणून जायचं असेल तर पावसाळा नको.

आपलं कॅलेंडर काय सांगतं?

आता आपल्या घरचं कॅलेंडर बाजूला ठेवा. शेतीवाडी असलेल्या घराला मे म्हणजे काजू-आंब्याची शेवटची धावपळ, चाकरमानी घरी, लग्नसराई. जून-जुलै लावणी. ऑगस्ट-सप्टेंबर गणपती. ऑक्टोबर भातकापणी. फेब्रुवारीपासून पुन्हा काजू सुरू, मग शिमगा. नीट बघितलं तर भात घरात आल्यावर आणि काजू सुरू होण्याआधी, म्हणजे नोव्हेंबरच्या उत्तरार्धापासून जानेवारीपर्यंत, आपल्याला मोकळीक असते. आणि फुकेत-क्राबीचा चांगला हंगामही तोच.

अडचण एकच, मुलांची शाळा. दिवाळी नोव्हेंबरात आली तर सुट्टीचा शेवटचा आठवडा जुळून जातो. नाही जुळली तर जानेवारीत पाच-सहा दिवसांची रजा शाळेत आधी सांगून घेता येते का ते बघा. दहावी-बारावीचं मूल घरात असेल तर त्या वर्षी सहल नको, एवढं साधं आहे.

पासपोर्ट : चार महिने आधी सुरुवात

अर्ज पासपोर्ट सेवा पोर्टलवर ऑनलाइन भरायचा, फी तिथेच, आणि जवळच्या केंद्राची तारीख घ्यायची. मोठ्या माणसाच्या ३६ पानी पासपोर्टची साधी फी १५०० रुपये, मुदत १० वर्षे. १८ वर्षांखालच्या मुलाची फी १००० रुपये, पण मुदत ५ वर्षे किंवा मूल १८ चं होईपर्यंत, यात जे आधी येईल ते. नवरा-बायको आणि दोन मुलं मिळून ५००० रुपये झाले. पोर्टलसारख्याच दिसणाऱ्या खोट्या साइट बऱ्याच आहेत, त्यामुळे पत्ता सरकारी आहे का ते बघूनच कार्ड टाका.

आपल्याकडे अर्ज अडकतात ते पैशापायी नाही, नावापायी. आईचं माहेरचं नाव शाळेच्या दाखल्यावर, लग्नानंतरचं आधारवर, पॅनवर तिसरंच. आजोबांची जन्मतारीख मतदान ओळखपत्रावर एक आणि आधारवर दुसरी. पत्ता मुंबईचा, राहणं गावाला. अर्ज भरण्याआधी सगळ्यांची कागदपत्रं टेबलावर काढा आणि नाव, जन्मतारीख, पत्ता एकेक अक्षर जुळवा. दुरुस्तीला वेळ जातो, म्हणून चार महिने. पोलीस पडताळणीला माणूस दिलेल्या पत्त्यावर सापडला पाहिजे. ‘ते मुंबईक असतत’ असं शेजाऱ्याने सांगितलं की अहवाल उलटा जातो.

१ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या बाळासाठी जन्माचा दाखलाच लागतो, दुसरा पुरावा चालत नाही. ग्रामपंचायतीतून तो आधी काढून ठेवा.

आणखी एक. दहावी पास नसलेल्या, पन्नाशीच्या आतल्या माणसाच्या पासपोर्टवर ‘ईसीआर’ असा शेरा येऊ शकतो. थायलंड, मलेशिया, इंडोनेशिया या देशांत नोकरीला जाताना अशा माणसाला सरकारी परवानगी घ्यावी लागते. फिरायला जाताना ती लागत नाही. मात्र विमानतळावर विचारणा होऊ शकते, म्हणून परतीचं तिकीट आणि हॉटेलचं बुकिंग कागदावर छापून जवळ ठेवा.

पासपोर्ट आधीच असेल तर मुदत बघा. प्रवासाच्या तारखेपासून किमान सहा महिने शिल्लक हवेत. पाच महिने असतील तरी विमानात बसू न देण्याची शक्यता असते.

व्हिसा लागतो का?

थायलंडने १५ जुलै २०२४ पासून भारतीय पर्यटकांना विनाव्हिसा ६० दिवसांपर्यंत राहण्याची मुभा जाहीर केली. हे दिवस कमी करण्याची चर्चा तिथे सुरू झाली होती, म्हणून तिकीट काढायच्या दिवशी थायलंडच्या दूतावासाच्या संकेतस्थळावर ताजा नियम वाचा. १ मे २०२५ पासून तिथे डिजिटल आगमन कार्ड ऑनलाइन भरावं लागतं, पोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत. ते मोफत आहे. त्यासाठी कोणी पैसे मागत असेल तर ते त्याच्या मेहनतीचे, सरकारचे नव्हेत.

मलेशियात भारतीयांना ३० दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही. ही सवलत ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत आहे. व्हिएतनामचा ई-व्हिसा ऑनलाइन मिळतो, एकदा प्रवेशाची सरकारी फी २५ डॉलर. बालीला पोचल्यावर विमानतळावर व्हिसा मिळतो, फी ५ लाख इंडोनेशियन रुपये. आकडा ऐकून घाबरू नका, त्यांचा रुपया फार लहान आहे.

विनाव्हिसा म्हणजे विनाचौकशी नव्हे. तिथला अधिकारी परतीचं तिकीट, राहण्याचा पत्ता आणि पुरेसे पैसे दाखवायला सांगू शकतो.

पॅकेजचा आकडा आणि खरा खर्च

जाहिरातीतला आकडा बहुतेक वेळा मुंबई ते मुंबई, एका खोलीत दोघे, असा असतो. पैसे भरण्याआधी या गोष्टी लेखी विचारा, व्हॉट्सॲपवर चालेल, पण लेखी.

• विमानात सामान किती किलो? स्वस्त विमानात बॅगेचे पैसे वेगळे असतात.
• जेवण किती वेळचं? ‘ब्रेकफास्टसह’ म्हणजे दुपार-रात्रीचं आपलं आपण.
• बेटांची बोट, राष्ट्रीय उद्यानाची फी आत धरली आहे का?
• हवामानामुळे बोट रद्द झाली तर पैसे परत की दुसरी सहल?
• मुलाला वेगळा पलंग आहे का? नसेल तर दर कमी होतो का?
• जीएसटी आणि टीसीएस धरून एकूण किती?

टीसीएस म्हणजे परदेशी पॅकेजवर आधीच कापून घेतला जाणारा कर. दर बजेटप्रमाणे बदलतो. तो बुडत नाही, प्राप्तिकराचं विवरणपत्र भरलं की हिशेबात धरला जातो किंवा परत मिळतो. त्यासाठी पॅन नंबर बरोबर द्या आणि पावती जपून ठेवा.

एक थाई बाथ म्हणजे साधारण पावणेतीन ते तीन रुपये. दुकानातल्या किमतीला मनातल्या मनात तीनने गुणायची सवय लावा. फोनवरचं आपलं नेहमीचं पेमेंट तिथे चालेल असं धरून जाऊ नका. थोडी रोकड आणि एक फॉरेक्स कार्ड न्या. प्रवास विमा घ्याच. तिथल्या खासगी दवाखान्याचं एका रात्रीचं बिल विम्याच्या हप्त्याच्या कितीतरी पट होतं.

वैभववाडी रोडवरून विमानापर्यंत

मुंबईहून बँकॉक आणि फुकेतला थेट विमानं आहेत, बँकॉकला साधारण साडेचार तास. कोकणकन्या किंवा तुतारीने सकाळी मुंबईत उतरून त्याच दुपारचं विमान पकडायचा बेत बरेच जण करतात. गाडी वेळेत आली तर ठीक. जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत कोकण रेल्वे पावसाळी वेळापत्रकाने धावते, गाड्या हळू, त्यात दरड आली तर विचारूच नका. पावसात घाटाचा भरवसा आपल्याला कोणी वेगळा सांगायला नको. म्हणून एक रात्र आधी मुंबईत नातेवाइकाकडे मुक्काम करा. गोव्यात मोपा विमानतळ आपल्याला रस्त्याने जवळ पडतं. तिथून मुंबई, बंगळूर किंवा दिल्लीत विमान बदलून जायचं असेल तर दोन्ही प्रवास एकाच तिकिटावर घ्या. वेगवेगळी तिकिटं असतील आणि पहिलं विमान उशिरा आलं तर दुसऱ्याचे पैसे गेले.

पनवेलजवळचं नवी मुंबई विमानतळ २५ डिसेंबर २०२५ पासून सुरू झालंय. तिकिटावर मुंबई की नवी मुंबई हे नीट वाचा. बँकॉकलाही दोन विमानतळ आहेत, सुवर्णभूमी आणि डॉन म्युआंग. एकावर उतरून दुसऱ्यावरून पुढचं विमान घ्यायचं असेल तर मध्ये शहराची वाहतूक आहे, चार-पाच तास हातात ठेवा.

समुद्राची भीती बाळगा

५ जुलै २०१८ रोजी फुकेतजवळ वादळात पर्यटकांची बोट बुडाली आणि ४७ जणांचा जीव गेला. हवामान खराब असल्याचा इशारा असतानाही बोट गेली होती. आपल्याकडे २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ पर्यटकांची बोट उलटून दोघांचा मृत्यू झाला. दोन्ही घटना पावसाळी हवेच्या दिवसांतल्या.

म्हणून बोटवाला ‘आज नको’ म्हणाला तर हुज्जत घालू नका. तो ‘चला, काय होत नाही’ म्हणाला तरी आकाश तुम्ही बघा, पैसे गेले तर जाऊदेत. लाइफ जॅकेट घातल्याशिवाय बोटीत बसायचं नाही, लहान मुलांना त्यांच्या मापाचं मागून घ्यायचं. लाल झेंडा असेल तिथे गुडघाभर पाण्यातही नको. पाण्याला ओढ असते हे किनाऱ्याजवळ राहणाऱ्याला सांगावं लागत नाही, पण परक्या ठिकाणी आपण विसरतो.

भाड्याच्या स्कूटरचंही तसंच. आपला भारतीय परवाना तिथे पुरत नाही. ओरोसच्या आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढावा लागतो, आणि त्यात दुचाकीची नोंद हवी. तो नसताना अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते. अडचण आल्यास पर्यटक पोलिसांचा नंबर ११५५.

खाण्याचं एक सांगून ठेवतो. मासे खाणाऱ्याला तिकडे स्वर्ग आहे, नारळाचं दूध, आमटीसारखी कढी, आपल्या कोकमाच्याच कुळातलं मँगोस्टीन. पण ज्येष्ठ मंडळी वाराचं पाळणारी असतील तर सांभाळा. भाजीतही माशाचं पाणी किंवा जवळ्यासारख्या कोळंबीची चटणी घालतात. ‘जे’ हा शब्द पाठ करा, त्याचा अर्थ तिथे शुद्ध शाकाहारी.

फुकट सहल म्हणजे सापळा

शेवटचं, आणि तरुण मुलांच्या घरच्यांनी नीट वाचावं असं. ‘तिकीट आम्ही देतो, चार दिवस बँकॉक फिर, येताना फक्त एक बॅग आण.’ असं कोणी ओळखीचाही म्हणाला तरी नाही म्हणा. थायलंडमध्ये जून २०२२ मध्ये गांजावरचे निर्बंध सैल झाले, जून २०२५ मध्ये पुन्हा कडक झाले. भारतात मात्र तो आणणं हा एनडीपीएस कायद्याखाली गंभीर गुन्हा आहे. बँकॉकहून येणाऱ्या प्रवाशांच्या बॅगांत मुंबई विमानतळावर गांजा सापडतो आणि बॅग ज्याच्या हातात, तो आत जातो. जामीनही सहज मिळत नाही.

दुसरा सापळा नोकरीचा. ‘थायलंडमध्ये डेटा एंट्री, पगार डॉलरमध्ये, टुरिस्ट म्हणून ये, पुढचं आम्ही बघतो.’ अशा मुलांना सीमेपलीकडे म्यानमारमध्ये नेऊन ऑनलाइन फसवणुकीच्या अड्ड्यांवर डांबलं गेलंय. १० आणि ११ मार्च २०२५ रोजी हवाई दलाच्या विमानांनी अशा ५४९ भारतीयांना थायलंडच्या मे सॉटहून परत आणलं. नोकरीसाठी जायचं तर सरकारी ई-मायग्रेट पोर्टलवर नोंद असलेल्या एजंटमार्फतच. फसवणुकीचा संशय आला तर १९३० वर फोन करा.

थोडक्यात

आधी महिना ठरवा. त्या महिन्यात कुठला किनारा कोरडा असतो ते बघा. मग शेती आणि शाळेशी जुळवा. चार महिने आधी पासपोर्टचे कागद काढा. व्हिसाचा नियम तिकीट काढायच्या दिवशी तपासा. पॅकेजमध्ये काय नाही ते लेखी विचारा. आणि सगळं झाल्यावर पैसे भरा.

मेमध्येच जायला मिळणार असेल तर तसं जा, पण सामुईला किंवा बालीला. फुकेतच्या निळ्या पाण्याचा फोटो बघून जायचं असेल तर भात घरात येऊदे. पाऊस बघून पेरणी करणाऱ्या माणसाला पाऊस बघून सहल ठरवणं काही कठीण नाही.